बोटभर सैल

मशीन थांबलं. एवढंच झालं होतं. शनिवारची सकाळ होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उताणा पडला होता, आणि दूर गावातल्या दुकानातून बाबांच्या शिलाई मशीनचा आवाज या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात नेहमीसारखा भरून राहिला होता. ती बाबांना सांगत होती की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रा आणलाय, चांगला वासराएवढा आहे, पण लिफ्टला घाबरतो. बाई बिचाऱ्या त्याच्यापायी रोज जिने चढतात. बाबा "हं" म्हणत होते. मशीन पळत होतं, मध्येच थबकत होतं, कापड वळवून घेऊन पुन्हा पळत होतं. मग तिचा होणारा नवरा ओल्या केसांनीच अंघोळीहून आला, तिच्या खांद्यावरून फोनवर वाकला आणि म्हणाला, "बाबा, मी आलो बरं का!" आणि मशीन थांबलं. कुणीतरी कात्रीने कापल्यासारखा आवाज थांबला. "अरे वा, जावईबापू! बोला, बोला," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यामागे आता काहीच नव्हतं, नुसतं शांत दुकान आणि त्यात कान देऊन बसलेला एक माणूस.

पुढे हा दिवस तिला इतक्या वेळा उलगडून पाहावा लागला की त्याच्या घड्या झिजल्या. शेवटचा साधा दिवस. पण त्या दिवशी तो नुसताच शनिवार होता, दूध उतू गेलं होतं, अर्ध्या दिवसाच्या कामावर जायचं होतं, आणि तिच्या आत कुठेतरी बारीकसं काही रुतलं होतं. तिने कप विसळला. विसळलेला कप पुन्हा विसळला. पाठीमागे तो खुर्ची ओढून ऐसपैस बसला होता आणि बाबा विचारत होते, "काल कुणी अडकलं होतं का हो?" तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, आणि आयुष्यात लिफ्टमध्ये पाय न ठेवलेल्या तिच्या बाबांना त्याच्या कामाचं भारी कौतुक. "अडकले होते ना. एक वकील आणि त्यांच्या सासूबाई." "अरे बापरे! मग?" "मग काय, वकील म्हणतात आधी यांना काढा. सासूबाई म्हणतात, नको, आधी त्याला काढा, नाहीतर मी कशी बाहेर निघाले ते जन्मभर ऐकवेल." बाबा हसले. मोकळं, तोंडभर हसले. तिच्याशी बोलताना ते असे हसत नसत, कारण तिच्याशी बोलताना त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत. "हं" म्हणायला टाचण्या काढाव्या लागत नाहीत. हसायला लागतात. म्हणजे याच्यासाठी ते मशीन थांबवतात आणि तोंडातल्या टाचण्याही काढून ठेवतात. लग्न ठरून वर्ष होत आलं होतं. हे सगळं इतके दिवस तिच्या कानांवरून गेलं होतं आणि कानांत शिरलं नव्हतं. आणि म्हणे हिचा धंदाच कानांचा.

कानांच्या दवाखान्यात तिचं काम म्हणजे माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. कितीही बारीक आला तरी." मग काचेच्या अलीकडे बसून एकेक सूर पाठवायचा, आधी ठसठशीत, मग फिका, मग आहे की नाही असा. त्या खोलीतल्या माणसांचे चेहरे तिला आवडत. एरवी कुणी इतकं मन लावून ऐकत नाही. देवळातही नाही आणि अंथरुणातही नाही. त्या दिवशी सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली. मुलाने आणून सोडली होती, तो बाहेर पेपर वाचत बसला होता. म्हातारी सूर नसताना बटण दाबायची. एकदा, दोनदा, मग सारखीच. तिने दार उघडून सांगितलं, "आजी, आवाज नव्हता. तरी दाबलंत." "नव्हता कसा? मला आला." "अहो, मी पाठवलाच नव्हता." म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग पाठवायचा ना," ती म्हणाली, "मी केव्हाची वाट बघत बसलेय." ती हसत खोलीबाहेर आली, दार लावून घेतलं, जागेवर येऊन बसली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसायचं थांबलो आहोत आणि सूर पाठवायचा विसरून काचेपलीकडच्या त्या ताणलेल्या चेहऱ्याकडे नुसते बघत आहोत.

दुकान तिला आधी खालून माहीत झालं. कापड बेतायच्या टेबलाखाली तिची जागा होती. वरून कात्रीचा करकर आवाज यायचा, चिंध्या गळायच्या, आणि बाबांच्या चपलेतला अंगठा मशीनच्या पायफळीवर वर-खाली व्हायचा. गिऱ्हाइकांचे फक्त पाय दिसायचे. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचायचं काम तिचं. एक टाचणी राहिली की बाबांच्याच पायात जायची, म्हणून ते तिला टाचणी म्हणू लागले, आणि पुढे ती अंगाने किडकिडीत आणि तोंडाने तिखट निघाल्यावर सगळ्या गल्लीनेच ते नाव उचललं. तिचे सगळे कपडे बाबांच्या हातचे. दर वाढीला नवं माप. ती पाठ ताठ करून उभी राहायची, बाबा पट्टी छातीभोवती घ्यायचे आणि पट्टीखाली आपलं एक बोट सरकवायचे. "बोटभर सैल हवंच," म्हणायचे. "माप कातडीचं घेऊ नये, श्वासाचं घ्यावं." मग एके वर्षी, पंधरावं असेल, शाळेतल्या एका मुलीने तिचा झगा पाहून विचारलं, "उरलेल्या कापडाचा का गं?" तो उरलेल्या कापडाचाच होता. घरी येऊन तिने आईला सांगितलं की यापुढे मला विकतचे कपडे हवेत. आईला सांगितलं, पण अशा बेताने की दाराआड बाबांना ऐकू जावं. बाबांनी हातातली पट्टी गळ्यात टाकली आणि ते बाहेर गेले. त्यानंतर ती पट्टी तिच्या अंगाला कधी लागली नाही. तिने "घ्या" म्हटलं नाही, त्यांनी "घेऊ का" विचारलं नाही. लग्न ठरल्यावर आईकरवी निरोप आला होता, "हे विचारताहेत, तुला काही शिवायचंय का." तिला वाटलं, मला विचारा ना, आईला कसलं विचारता. आणि ती आईला म्हणाली, "नको, विकतचं घेऊ."

कोट शिवला जात होता तो त्याचा. लग्नाचा. गेले कित्येक आठवडे बाबा आणि तो त्या कोटात बुडालेले होते. अस्तर कुठल्या रंगाचं, आतला खिसा किती खोल, कॉलरची टोकं किती रुंद. दोन बायका बोलणार नाहीत इतकं बोलायचे. त्याला बापाचं सुख माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हा तो चालायलाही शिकला नव्हता. मामाकडे वाढला, आणि मामाच्या घरात आपण किती जागा व्यापतो याचा हिशेब ठेवत वाढला. तिच्या बाबांना त्याने पहिल्या भेटीतच "बाबा" म्हटलं होतं, न अडखळता, जणू तो शब्द त्याच्या जिभेवर केव्हाचा घडी घालून ठेवलेला होता. तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आता त्याच शब्दाने तिच्या पायाखाली खडे टोचत होते. दुसऱ्या कुठल्या बाईचा हेवा वाटला असता तर बरं झालं असतं. आदळआपट करता आली असती, मैत्रिणीपाशी रडता आलं असतं. पण ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला आपल्या बापाने जरा जीव लावला म्हणून जळणारी मुलगी, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तेही ज्याला बापच नाही त्याच्यावर? भरल्या ताटावरून उठून उपाशी माणसाचा घास मोजण्यातला प्रकार. तिने स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. त्याने काही उपयोग झाला नाही. कामावरून परतताना रस्ताभर तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं की हे लग्न झालं की त्या घरात तो घरचा आणि मी पाहुणी.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला फोन आला. तो त्याच्या फोनवर आला. "टाचणी आहे का जवळ?" बाबा म्हणाले. "टाचणे, पट्टी काढ गं. जावईबापूंची छाती पुन्हा घ्यायचीय. आज कोटाच्या बाजू शिवून मिटवतो." "मागे दिली होती की," ती म्हणाली. "मागे म्हणजे केव्हा? तुझ्या हातचं खाऊन माणूस फुगतोय की वाळतोय, बघायला नको?" "वाळतोय बाबा, पार वाळतोय!" तो ओरडला, आणि तिकडे मशीन नव्हतं, शांतता होती, आणि त्या शांततेत बाबा मोकळे हसले. पट्टी तिच्या कपाटात होती. ती घर सोडून इकडे आली तेव्हा बाबांनी न बोलता तिच्या पिशवीत टाकलेली, पिवळी, कडा झिजलेली. ती त्याच्यासमोर उभी राहिली, त्याने लहान मुलासारखे हात वर केले, तिने त्याच्या बगलेखालून पट्टी घेतली आणि आवळली. पट्टीखाली बोट घातलं नाही. ठरवून घातलं नाही असंही नाही. हातच तसे गेले. "अगं ए, लग्न करतेयस की पार्सल बांधतेयस?" तो म्हणाला. तिने आकडा सांगितला. "बोट घातलंस?" बाबांनी विचारलं. "घातलं." "बरं," बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडी "बरं" म्हणजे काहीही असू शकायचं. गिऱ्हाईक म्हणालं की पैसे पुढच्या महिन्यात, तरी बरं. तिने विकतचे कपडे मागितले तेव्हा म्हटलं असतं तर तेही बरंच.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. खालच्या बाई, पाठीशी कुत्रा, लिफ्टचं बटण अडकलंय म्हणून त्याला बोलवायला आल्या होत्या. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला, फोन तिच्या हातात राहिला. आणि मशीन सुरू झालं. तिला ते अपेक्षित होतं, तरी कानशिलावर चापट बसल्यासारखं झालं. "एक बाजू घेतो," बाबा म्हणाले. टाचण्या ओठांत गेल्या असाव्यात, शब्द आता दाबून येत होते. "ठेवू नकोस. बोल काहीतरी." "काय बोलू?" "काहीही. आज कुणाचे कान बघितलेस?" तिने म्हातारीची गोष्ट सांगितली. मशीन लांब, सलग चाललं होतं, कुठे थबकत नव्हतं. मी पाठवलाच नव्हता, इथवर ती आली. मग पाठवायचा ना, इथवर आली. मी केव्हाची वाट बघत बसलेय. ती थांबली. बाबा हसले नाहीत. "हं," म्हणाले, आणि शिवण संपून मशीन थांबलं, धागा तोडल्याचा बारीक आवाज आला. हीच गोष्ट त्याने सांगितली असती तर, तिला वाटलं. "तुमचं काम चाललंय. उद्या बोलू," ती म्हणाली. "अगं, दुसरी बाजू राहिलीय." "मग शिवा की. मी काय सुई धरून बसलेय थोडीच?" हे तिला थट्टेने म्हणायचं होतं. थट्टा तोंडातून निघता निघता वाळली. "बरं," बाबा म्हणाले. "ठेव मग."

सकाळी त्याचा फोन वाजला. त्याचा, तिचा नव्हे. ती वाळलेले कपडे घडी घालत होती, तो गॅलरीत उभा राहून बोलत होता, आणि त्याची पाठ तिने पाहिली. पाठीलाही चेहरा असतो. तो वळून दारात आला तेव्हा तिला सगळं कळलं होतं, कसं ते सांगता येणार नाही, आणि कळल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती अशी की आईने याला फोन केला. मला नाही, याला. "बाबा गेले गं," तो म्हणाला. "झोपेतच." "माझे," ती म्हणाली. त्याला वाटलं ती विचारते आहे. "हो, तुझे," तो म्हणाला, आणि खाली बसून ढसाढसा रडू लागला. ती उभीच होती. हातात त्याचाच शर्ट होता. तिने त्याची घडी पूर्ण केली.

प्रवासभर तो रडला. शेजारच्या माणसाने त्याला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, तिला विचारलं, "यांचे कोण होते?" ती म्हणाली, "वडील." एवढं बोलायला सोपं गेलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिला रडू येत नव्हतं. रडण्यातही हा पुढे, असं मनात आलं आणि स्वतःची किळस आली आणि किळस आली तरी तो विचार गेला नाही. घरी पोचल्यावर आईने दारातच तिला धरलं. "तुला सांगायची छाती झाली नाही गं मला," आई म्हणाली, "म्हणून त्याला लावला. म्हटलं, तो जवळ असेल, धरील तुला." म्हणजे आईने त्याला फोन केला तो तिच्यासाठीच. हे डोक्याला पटलं. खाली उतरलं नाही. पुढचे दिवस माणसं आली, बसली, तीच वाक्यं बोलली, गेली. जे जे करायचं असतं ते झालं. तो खुर्च्या आणत होता, परत देत होता, आईला गोळी कधी घ्यायची ते लक्षात ठेवत होता. आल्यागेल्याला तो मुलगाच वाटत होता. तिला कुणी म्हणालं नाही, पण ती पाहुणी वाटत असणार.

मग एक दिवस आई म्हणाली, "दुकान उघडायला हवं. लोकांचे कपडे अडकलेत." तिघंही गेली. दुकानाचं शटर वर सरकलं, आणि आतून तोच वास आला, इस्त्रीचा, खडूचा, मशीनच्या तेलाचा. ती दारातच थबकली. मशीनवर झाकण नव्हतं. पायफळीपाशी जुनी चप्पल होती. मशीनच्या बाजूला बटणांचा डबा आणि डब्याला टेकवून फोन ठेवायची जागा. तिथे धुळीत फोनाएवढा चौकोन स्वच्छ उरला होता. बातमी पसरली तशी गिऱ्हाइकं येऊ लागली. आई कपडे ओळखून देत होती, तो पिशव्यांत भरत होता, ती कोपऱ्यात नुसती उभी होती. एक निवृत्त पोस्टमन आला, त्याची पँट उंची कमी करायला दिलेली होती, ती झालेली होती. पिशवी घेऊन तो निघाला आणि तिच्याकडे बघून थांबला. "टाचणी ना तू?" तिने मान हलवली. "त्या कुत्र्याचं काय झालं गं?" "कुठल्या?" "अगं तो, लिफ्टला घाबरणारा. शनिवारी ही पँट टाकायला आलो तर तुझ्या बापाचं हसू थांबेना. वासराएवढा कुत्रा आणि बाई जिने चढतात म्हणे! आणि तो कान तपासायला आलेला गवई, आणि पावाच्या दुकानातली ती भांडणं. तुझं सगळं शहर आम्हाला पाठ आहे बाई, इथं बसल्या बसल्या." तो गेला. तिने हात मागे नेऊन भिंत धरली. गवई तर गेल्या हिवाळ्यातला. त्यावरही बाबा "हं"च म्हणाले होते.

कोट आतल्या खुंटीवर होता. एक बाही पुरी बसलेली, दुसरी नुसती कच्च्या धाग्याने टाचलेली. "घालून बघ," आई त्याला म्हणाली. त्याने नको म्हटलं, मग घातला, अगदी हळू, कोट झोपलेला असावा आणि उठू नये अशा बेताने. बटण लावलं. ती पुढे झाली. ते माप तिने दिलेलं होतं, आवळून. कोट छातीला करकचून बसायला हवा होता. तिने बटणापाशी बोट घातलं. बोट सहज आत गेलं. बरोबर एक बोट. बोट घातलंस? घातलं. बरं. तिला आता ते "बरं" ऐकू आलं, पहिल्यांदा नीट. बापाने तिच्या आकड्यात आपलं बोट मिळवलं होतं आणि तिला काही न बोलता तसं कापड सोडलं होतं. ती त्याच्याभोवती फिरली. शिंप्याच्या मुलीला शिवण वाचता येते. डाव्या कुशीची शिवण सरळ होती, एका दमात घेतलेली, ओढलेल्या रेघेसारखी. उजव्या कुशीची शिवणही शेवटी सरळच आली होती, पण तिच्या आजूबाजूला उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं होती, एकदा उसवलेल्या आणि पुन्हा उसवलेल्या.

"ती बाजू दोनदा बिघडली," आई म्हणाली. आई तिच्या बोटाकडे बघत होती. "मी म्हटलं, ठेवा आता, उद्या करा. तर म्हणाले, उद्या तिचा फोन आला की घेतो. मग म्हणाले, नको, रविवार आहे, झोपू दे तिला. आणि बसले पुन्हा." "माझ्या फोनचं काय?" तिने विचारलं. "म्हणजे? अवघड काम ते तुझ्या फोनसाठीच ठेवायचे ना. कॉलर म्हणा, काजं म्हणा, लांब शिवणी म्हणा. एकटा बसलो की डोकं भरकटतं म्हणायचे, ती बोलत असली की हात आपला आपण जातो. तुला ठाऊक नव्हतं?" आईने पदराने बटणांच्या डब्यावरची धूळ पुसली, फोनाच्या चौकोनासकट, आणि म्हणाली, "मी शेजारी चष्मेवाल्यांकडे बसते जरा. इथे गुदमरतंय मला."

दोघंच राहिली. तो कोट काढायचं विसरून टेबलाच्या कडेला टेकला होता, कच्च्या बाहीचा हात अंगाशी धरून. "एक सांगू?" तो म्हणाला. "सांगायचं नव्हतं, पण आता काय राहिलंय. मला तुझा फार हेवा वाटायचा." "माझा?" "तुझ्याशी बोलताना मशीन चालू असायचं. मी आलो की बंद. मी आलो की बोला, बोला, जावईबापू. तुम्ही, अहो. गिऱ्हाईक आल्यावर करतात तसं." तो हसायला गेला. "मामाकडे मी खोलीत शिरलो की असंच व्हायचं. बोलणं थांबायचं. सगळे नीट वागायला लागायचे. बाबा वाईट नव्हते गं वागत, देवमाणूस होते. पण मी आपला वाट बघायचो. म्हणायचो, लग्न होऊ दे, जुना होऊ दे मला, एक दिवस मी बोलत असेन आणि यांचं मशीन चालूच राहील. त्या दिवशी मी घरचा." ती त्याच्याकडे बघत राहिली. आत कुठेतरी एक हलकट आनंद चमकून गेला, की म्हणजे मी जिंकले होते, सगळा वेळ जिंकलेली होते. आणि त्या आनंदाला हातात धरून बघावं तर त्याचं करायचं काय तेच कळेना. वर्षभर दोघं एका टेबलाशी बसून एकाच आवाजाकडे कान लावून होती, ती त्या आवाजाच्या असण्याने जळत होती आणि तो त्याच्या नसण्याने झुरत होता, असं नाही, उलटंही नाही. तिला धड मांडता येईना. एवढंच कळलं की त्याच्या ज्या जागेवर तिचा डोळा होता तिथे तो अवघडून उभा होता, पाहुण्यासारखा, अंग आवळून.

ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या बाहीचा सुटलेला कच्चा धागा तिने बोटाने आत सारला. "मशीनवर बस," ती म्हणाली.

"मी?"

"बस ना. तुला यंत्रांचं कळतं."

"लिफ्टचं कळतं. हे वेगळं आहे. मोडेन काहीतरी."

"धागा नाही लावायचा. नुसतं चालव."

तो बसला. ती चप्पल त्याने पायाने नव्हे, हाताने उचलून बाजूला ठेवली. पायफळीवर पाय ठेवून दाबला, तर चाक उलटं फिरलं आणि मशीन खाकरून अडलं. "अडकलं," तो म्हणाला. "हाताने चाक दे आधी. पुढे. हां." चाक फिरलं. एकदा अडखळलं, मग पट्ट्याने धरलं, आणि तो आवाज आला. सुई रिकामी वर-खाली होत होती. तो आवाज तिने लहानपणी टेबलाखाली बसून ऐकला होता, परक्या शहरात स्वयंपाकघराच्या टेबलावर ऐकला होता. आता पहिल्यांदा ती त्या आवाजाच्या शेजारी उभी होती, फोन असायचा त्या जागी. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण पाय थांबवला नाही. "थांबवू नकोस," ती म्हणाली. "मी बोलत असेपर्यंत थांबवू नकोस." त्याने मान हलवली.

ती बटणांच्या डब्यावर वाकली. मग जे रोज सांगायची तिथूनच तिने सुरुवात केली. "बाबा, कुत्रा अजून घाबरतोच," ती म्हणाली. "बाई अजून जिनेच चढतात." मशीन पळत होतं, लांब, सलग. तिचा आवाज फाटला, तिने तो पुन्हा जुळवला. गळ्यातून जे यायला पंधराव्या वर्षापासून दाराआड उभं होतं, ते ती मोठ्याने, दुकानाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"बाबा, मला विकतचं नको होतं. माझं माप घ्या ना. आणि बोटभर सैल ठेवा."